कोणी दाबलं?

महाजन बाईंच्या वर्गात ‘आपोआप’ या शब्दाला बंदी होती. एखादीच्या तोंडून शिवी गेली तर बाई एकवेळ कानाआड करत. पण ‘बाई, फाईल आपोआप उडाली’ असं कोणी म्हटलं, की त्या हातातली लाकडी पट्टी टेबलावर आडवी ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि सगळ्या वर्गाला मिळून विचारत, “कोणी दाबलं?”

मग त्या थांबत. ओरडणं नाही, डोळे वटारणं नाही, नुसतं थांबणं. पंखा कुरकुरत राही, खालून रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न येत राहत, आणि बाई उभ्याच. शेवटी कोणाची तरी खुर्ची सरके.

“मी दाबलं, बाई.”

“शाब्बास. बस. आता काय दाबलंस ते बघू.”

हल्ली तो शब्द मला सगळीकडे ऐकू येतो. बँकेत, रेशनच्या दुकानात, कॉलेजच्या खिडकीवर. नाव आपोआप कटलं. अर्ज आपोआप रद्द झाला. सांगणारा हे इतक्या शांतपणे सांगतो, जणू बाहेर ऊन पडलंय एवढंच सांगतोय. मला संताप येतो, आणि संतापाच्या पाठोपाठ बाई आठवतात.

बाईंचा क्लास बुऱ्हाणपुरात, शनवारा नावाच्या भागात होता, एका दुकानाच्या वर. पूर्वी तिथे त्यांच्या वडिलांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. पाटीवर ‘टायपिंग’ पुसून ‘कॉम्प्युटर’ रंगवलं होतं, पण रंग पातळ असल्यामुळे खालचा शब्द उन्हात दिसायचा. इमारत बाईंच्या भावाची होती आणि भाऊ गेल्यावर पुतण्याची झाली. पुतण्या प्रशांत खाली मोबाईलचं दुकान चालवत असे. बाई क्लासच्या मागच्या खोलीत राहत. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि त्यांना विचारायची आमची छाती नव्हती.

अंगाने बारीक, सुती साडी, चष्म्याला काळा दोरा. चहा काळा, स्टीलच्या पेल्यात आणि नेहमी उंबऱ्याबाहेर उभं राहून. मशीनजवळ पेला आणायला त्यांना स्वतःलाही परवानगी नव्हती. पडद्यावरचं काहीही दाखवायचं तर ती पट्टी. “बोट लावायचं नाही. देव आहे म्हणून नाही, डाग पडतात म्हणून.” एका दसऱ्याला मुलींनी भक्तिभावानं सगळ्या कीबोर्डांवर हळदकुंकू वाहिलं, तेव्हा बाईंनी एकेक कीबोर्ड उलटा करून खिडकीबाहेर झटकला. “एस अडकला तर सेव्ह काय उदबत्तीनं कराल?”

मी तिथे बारावीनंतर गेले. माझे वडील यंत्रमागावर कामाला होते आणि कामावरून आल्यावर कामगारांची पत्रकं लिहीत. आमच्या घरात पाहुण्याला बसायला जागा करायची म्हणजे पत्रकांचा गठ्ठा उचलायचा. मी अक्षरं ओळखायला शिकले तीच ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ पासून. त्यामुळे जगात कोण मालक आणि कोण नोकर हे मला कॉम्प्युटर शिकायच्या आधीच पाठ होतं, निदान तसं मला वाटत होतं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर लता बसे. ती जवळच्या जसोंडी गावची. वडिलांची केळी आणि कापूस, घरात खाऊनपिऊन सुखी. लता सकाळची कामं उरकून टेम्पोनं यायची आणि वर्गात शिरताना पदर नसतानाही ओढणी डोक्यावर घ्यायची, सवयीनं. तिच्या वडिलांनी तिला शब्द दिला होता. कॉम्प्युटरची परीक्षा पास झाली तर केळी मंडीतल्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात बसायला मोकळी, लग्नाचं मग बघू. ही परीक्षा बाईंच्या क्लासमध्येच व्हायची होती. दुसरं केंद्र खंडव्याला, आणि खंडव्याला पोरीला पाठवणार नाही हेही वडिलांनी त्याच दमात सांगून टाकलं होतं. म्हणजे लताचं सगळं पुढचं आयुष्य त्या वरच्या मजल्यावरच्या सहा जुन्या मशीनींवर टेकलेलं होतं. हे लताला माहीत होतं, आणि बाईंनाही.

पहिल्या दिवशी बाईंनी टेबलाखालचा पत्र्याचा डबा वर घेतला आणि विचारलं, “हे काय?”

“सीपीयू!” सगळ्या एका सुरात.

“या डब्याला अख्खं बुऱ्हाणपूर सीपीयू म्हणतं.” त्यांनी डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं आणि आतल्या छोट्या पंख्यावर पट्टी टेकवली. “सीपीयू याच्या खाली आहे. एवढासा. स्वयंपाक करणारीचा हात समजा. ही आतली हिरवी पट्टी रॅम, म्हणजे ओटा. काम चाललंय तोवर पसारा ओट्यावर. लाईट गेली की ओटा रिकामा. आणि ही हार्ड डिस्क, म्हणजे कोठी. कोठीत ठेवलं तेवढंच उद्या सापडणार. सेव्ह करणं म्हणजे ओट्यावरून उचलून कोठीत ठेवणं. कळलं?”

“आणि बाई, ऑपरेटिंग सिस्टीम?” कोणीतरी पुस्तकातलं नाव वाचलं. “ती कुठे असते डब्यात?”

बाईंनी झाकण लावलं. “लग्नघर बघितलंय ना? मांडे करणाऱ्या बाया आल्या, खापर कुठे लावायचं? पाहुणे आले, कोणती खोली द्यायची? साखर संपली, कोठी कोण उघडणार? एक आत्या असते. किल्ल्या तिच्या कमरेला. तिच्याशिवाय कोणाला ओटा मिळत नाही, कोणाला कोठी उघडत नाही. आणि लग्नाच्या फोटोत ती कधी नसते. ती आत्या म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम.”

“मग मालक कोण?” हा प्रश्न अर्थातच मी विचारला.

“तू. वापरणारी. मोठं काही करायचं असलं की आत्या येऊन मालकाला विचारते. ती विचारते तेव्हा पडद्यावर चौकट उघडते. चौकट उघडली की थांबायचं. वाचायचं. मग दाबायचं. माझ्या वर्गातून एवढं शिकून गेलात तरी पुष्कळ.”

आम्हाला ते फार सोपं वाटलं. पण तेच सगळ्यात अवघड निघालं.

एका दुपारी कोपऱ्यातल्या मुलीची फाईल गेली. तिनं कित्येक दिवस खपून केळीच्या गाड्यांचा तक्ता केला होता आणि त्या जागी आता लताचं दोन ओळींचं पत्र होतं. एकाच मशीनवर, एकाच नावानं दोघींनी फाईल ठेवली होती.

“आपोआप...” कोणीतरी सुरुवात केली आणि जीभ चावली.

“कोणी दाबलं?”

पंखा कुरकुरला. हॉर्न वाजले. लता उभी राहिली. ओढणी डोक्यावर.

“मी दाबलं, बाई.”

“चौकटीत काय लिहिलं होतं?”

“मले नाही माहीत. आली, आन् मी हो दाबलं.”

“वाचलं का नाहीस?”

लता गोंधळली. तिला तो प्रश्नच विचित्र वाटला असावा. “बाई, कोणी दारात येऊन काही इचारलं तर त्याले उभं ठेवतात का? आमच्यात तर लगेच हो म्हनतात. विचार करत बसलं तर वाटते, पोरीले वळण नाही.”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या लताजवळ गेल्या आणि खाली वाकून, फक्त तिला सांगितल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “हा पाहुणा नाही, लता. याला उन्हात उभं ठेवलं तर पाप लागत नाही. तू वाचेपर्यंत हा उभा राहतो. दिवसभर राहील. करून बघ.”

आणि खरंच त्यांनी करायला लावलं. चौकट उघडून ठेवली आणि लताला सांगितलं, काही दाबायचं नाही, नुसती बस. लता हात मांडीवर घेऊन बसली. तिच्या कपाळावर घाम आला होता. उत्तर न देता बसणं तिनं आयुष्यात पहिल्यांदाच केलं असेल. मग हळूच तिनं माउस धरला आणि ‘कॅन्सल’ दाबलं. चौकट गेली. काही झालं नाही. कोणी रागावलं नाही. लता माझ्याकडे वळून म्हणाली, “अगं, गेलं की!” आणि मग त्या दिवशी ती उगाच चौकटी उघडत होती आणि कॅन्सल करत होती, लहान पोर दिव्याचं बटण खालीवर करतं तशी.

मी वडिलांचं एक पत्रक टाईप करून बाईंना दाखवलं ते याच सुमारास. मला वाटलं होतं, त्या शाबासकी देतील. त्यांनी वाचलं आणि पट्टी एका ओळीवर ठेवली. “‘कामगारांना कामावरून कमी करण्यात आले.’ कोणी केलं?”

“मालकांनी.”

“मग लिही. करण्यात आले म्हणजे काय? आपोआप?”

घरी येऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, “बाई आपल्या बाजूच्या आहेत का गं?”

“त्या कोणाच्याच बाजूच्या नाहीत. त्या फक्त विचारतात.”

“तेच तर पाहिजे,” वडील म्हणाले आणि त्यांनी ओळ बदलली.

परीक्षा जवळ आली तशी एक वेगळीच चौकट आली. सकाळी बाईंनी मशीनी चालू केल्या आणि सगळ्या पडद्यांवर मधोमध एकच मजकूर उभा राहिला. बाईंनी इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं, “या मशीनवरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सपोर्ट संपला आहे. म्हणजे बनवणारे आता तिच्यात काही बिघडलं तर दुरुस्ती पाठवणार नाहीत. नवीन घ्या म्हणतायत. आणि नवीन या डब्यांमध्ये मावणार नाही, एवढा ओटाच नाही यांच्यात.”

लता पडद्याजवळ वाकली. तिनं वर्गात शिकवल्याप्रमाणे सगळी चौकट वाचली, वरपासून खालपर्यंत. मग म्हणाली, “बाई, यात ‘नाही’ कुठे आहे?”

बाईंनी पट्टी फिरवली. चौकटीत एकच बटण होतं. ओके.

बाई मशीनसमोर बसल्या. मग त्यांनी माउस घेतला, चौकटीची वरची पट्टी धरली आणि ती अख्खी चौकट ओढत ओढत पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात नेली, इतकी की तिचा फक्त एक करडा तुकडा दिसत राहिला. “वाचलंय मी,” त्या म्हणाल्या. “पण हो म्हटलेलं नाही. चला, तक्ता काढा.”

तेव्हापासून रोज सकाळी बाई सगळ्या मशीनींवरून ती चौकट कोपऱ्यात ओढून ठेवत आणि आम्ही तिच्या शेजारी काम करत असू. मला ते फार आवडायचं. मला तो संप वाटायचा. पण परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं पत्र आलं की केंद्रावर नवी सिस्टीम असल्याशिवाय यापुढे परीक्षा होणार नाही, आणि बाईंच्या केंद्राचं नाव यादीतून निघालं. बाईंनी आमच्यासमोर फोन लावला. स्पीकरवर.

“मॅडम, आप का सेंटर सिस्टीम में नहीं दिख रहा.”

“कल तक दिख रहा था. आमच्या मुली तयार आहेत. लड़कियाँ तैयार बैठी हैं. किसने हटाया?”

“किसी ने नहीं हटाया मॅडम. सिस्टीम एक्सेप्ट नहीं कर रहा.”

“सिस्टीम को किसी ने तो बोला होगा ना, कि एक्सेप्ट मत कर. उनका नाम बताइए. मैं उनसे बात करती हूँ.”

पलीकडचा मुलगा आवाजावरून आमच्याच वयाचा असावा. उर्मट नव्हता. “मॅडम, वो ऊपर से ऑटोमॅटिक होता है. मेरे हाथ में कुछ नहीं है.”

बाईंनी फोन खाली ठेवला. पट्टी हातात होती, पण ती त्यांनी टेबलावर आडवी ठेवली नाही. विचारणार कोणाला? वर्गात तर उभं राहून ‘मी दाबलं’ म्हणणारं कोणी नव्हतं.

त्यानंतर नव्या मशीनींसाठी बाई प्रशांतकडे गेल्या, ओळखीच्या एका शाळेत गेल्या, दुपारच्या उन्हात दोनदा कचेरीत जाऊन आल्या. सगळीकडे त्यांना खुर्ची मिळाली, पाणी मिळालं. मीही पत्रक लिहिलं. लिहायला बसले आणि अडकले. ‘बाईंचं केंद्र बंद केलं’ असं लिहिलं आणि कर्त्याची जागा रिकामी राहिली. वडिलांना विचारलं. तेही म्हणाले, नाव पाहिजे. नावाशिवाय पत्रक म्हणजे नुसता आक्रोश. मी तो कागद फाडून टाकला.

आणि मग एक दिवस लताचे वडील वर आले. पांढरा सदरा, हातात केळ्यांची फणी, बाईंसाठी. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहिले. लता त्यांच्या मागे.

“बाई, पोरीचं जमवलं. दापोऱ्याचं घर हाय. पोरगा चांगला.”

“अहो, परीक्षा...”

“परीक्षा तं राहिली नाही ना आता. खंडव्याले मी धाडत नाही, तुम्हाले तं ठाव हाय. मंग कायले थांबवायचं?”

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “लताला विचारलं?”

“इचारलं ना! आमी काय जुन्या काळचे हाव का?”

“काय म्हणाली?”

“हो म्हने.”

“किती वेळानं?”

लताच्या वडिलांना प्रश्नाची मजा वाटली. ते मोकळेपणी हसले. “लगेच, बाई! पोरीले वळण हाय.”

लता माझ्या मशीनकडे बघत होती. पडद्याच्या कोपऱ्यात करडा तुकडा दिसत होता. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. वर्गात थांबायच्या तशा थांबल्या. मला वाटलं, आता खुर्ची सरकेल. पण लता उभीच होती, तिला सरकवायला खुर्ची नव्हती. वडील म्हणाले, “चल, टेम्पो जाईल,” आणि दोघं जिना उतरून गेले. केळ्यांची फणी टेबलावर राहिली.

क्लास तसाच बंद पडला. मुली येईनाशा झाल्या. प्रशांतनं वरच्या खोलीत दुकान वाढवायचं ठरवलं. प्रशांत वाईट माणूस नव्हता, हेच अवघड होतं. आत्याला डॉक्टरकडे तोच नेई, सणाला साडी तोच आणी. “आत्या, आता आराम करा की. किती दिवस या डब्यांच्या मागे?” असं तो मायेनंच म्हणे. वाईट असता तर मी त्याच्यावर पत्रक काढलं असतं.

भंगारवाला आला त्या दिवशी मी कीबोर्ड बांधायला गेले होते. बाई म्हणाल्या, “जरा थांबा, नीट बंद करू दे.” त्या पहिल्या मशीनसमोर बसल्या. स्टार्ट, शट डाऊन, आणि पडदा पूर्ण काळा होईपर्यंत हात मेन स्विचवर. मग दुसरं. भंगारवाल्याचा माणूस दारात ताटकळला होता. बाई दुसऱ्याचा पडदा विझायची वाट बघत असताना त्यानं बाकीच्यांच्या वायरी भिंतीतून उपटल्या, एकामागून एक. “जायचं तर भंगारातच हाय ना, बाई.” पडदे काळे झाले. बाईंनी मागे वळून बघितलं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. शनवाऱ्यात काही झेरॉक्स काढायची होती म्हणून प्रशांतच्या दुकानात गेले. दुकान आता चांगलं चकचकीत झालं होतं. काउंटरच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बाई बसल्या होत्या. तोच चष्मा, तोच काळा दोरा. हातात नवा मोबाईल. प्रशांतनं आणून दिला होता. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, पण डोळे पडद्यावरून काढले नाहीत.

पडद्यावर अटी होत्या. मोबाईल सुरू करायच्या आधी येतात तशा, लांबच लांब, मुंगीएवढ्या अक्षरांत. खाली एक निळं बटण. बाई वाचत होत्या. पडद्याला बोट लागू नये म्हणून त्या पेनाच्या मागच्या टोकानं मजकूर सरकवायला बघत होत्या, आणि तो सरकत नव्हता, म्हणून शेवटी करंगळीनं.

“आत्या, दाबा ना खाली,” गिऱ्हाईक बघता बघता प्रशांत म्हणाला. “ते कोणी वाचत नाही.”

“वाचतेय.”

“अहो, संपणार नाही ते. सगळ्यांना सारखंच असतं.”

“वाचतेय, प्रशांत.”

गिऱ्हाईकाला कव्हर दाखवून झालं. प्रशांत मागून आला, हसत, घाईत, आत्याच्या खांद्यावर एक हात ठेवून, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा त्यानं वरून आणून त्या निळ्या बटणावर टेकवला. अटी गेल्या. रंगीत फुलांचं चित्र आलं आणि कसलीशी धून वाजली.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

“कोणी दाबलं?”

प्रशांत तोवर काउंटरवर पोहोचला होता. नव्या गिऱ्हाईकाला चार्जर काढून देताना मान न वळवता तो म्हणाला, “आपोआप झालं असेल, आत्या.”

मोबाईल दोन्ही हातांत धरून बाई तशाच बसल्या, आणि मला कळलं की त्या थांबल्या आहेत. बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत होते. आत पंखा नव्हता, एसी होता, त्याचा काही आवाज येत नव्हता. जरा वेळानं मोबाईलचा पडदा मंद झाला, मग काळा झाला. बाई त्या काळ्या पडद्याकडे बघत अजून थांबल्या होत्या.